कुठेच न जाणाऱ्यांची दुपारची गाडी

काल तुम्ही घराबाहेर कुठे कुठे गेला होतात, ते जरा आठवून सांगा. घाई नाही, फराळाची ताटली जवळ घ्या आणि सांगा. ऑफिसला गेलो नि घरी आलो, असं तुम्ही म्हणणार. मग मधल्या वेळेत चहाला टपरीवर उतरलात ते? येताना मेडिकलमध्ये थांबलात ते? गाडीत पेट्रोल काय आपोआप भरलं गेलं? अहो, रागावू नका. तीस वर्षं मी लोकांना हा एकच प्रश्न विचारत आले आणि पहिल्या फटक्यात पूर्ण उत्तर देणारा माणूस मला या पुण्यात अजून भेटायचा आहे.

घरोघरी प्रवास सर्वेक्षण, हे आमच्या कामाचं भारदस्त नाव. रस्ता कुठे रुंद करायचा, बस किती वाजता सोडायची, हे ठरवण्याआधी शहरातली माणसं मुळात जातात कुठे हे कोणीतरी त्यांना विचारावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे आमच्यासारख्या संस्था. चिठ्ठ्या टाकल्यासारखी घरं निवडलेली असतात. त्या घरी जायचं, प्रत्येक माणसाचा कालचा दिवस लिहून घ्यायचा. किती वाजता निघाला, कशाने गेला, कशासाठी गेला. एका जाण्याला आम्ही एक फेरी म्हणतो, आणि प्रत्येक फेरीला फॉर्मवर एक ओळ. मी आधी दारोदार हिंडले, मग हिंडणाऱ्यांवर देखरेख केली आणि शेवटची काही वर्षं फॉर्म तपासणाऱ्या विभागात खुर्ची उबवली. नातेवाइकांना मी नक्की काय करते हे शेवटपर्यंत कळलं नाही. माझी जाऊ तर सांगायची, "वहिनी लोकांच्या चौकशा करतात, आणि त्याचा त्यांना पगार मिळतो."

तसं ते खोटं नव्हतं. मला चौकशांची हौस होतीच, नोकरीने फक्त तिला ओळखपत्र दिलं.

पेठेतले एक निवृत्त गृहस्थ आठवतात. दार अर्धंच उघडून म्हणाले, "मी कुठेही जात नाही." मी विचारलं, "सकाळी पर्वतीवर फिरायला वगैरे?" तर म्हणाले, "ते फिरणं झालं. जाणं म्हणजे माणूस दुसरीकडे पोचला पाहिजे. मी निघतो तिथेच परत येतो. म्हणजे गेलो कुठे?" आणि दार लावून घेतलं. त्यांच्या त्या प्रश्नावर आमच्या ऑफिसात दोन बैठका झाल्या. शेवटी पर्वतीच्या पायथ्याशी एक फेरी संपते आणि दुसरी सुरू होते असं ठरलं. गृहस्थांना ते कळवायची माझी फार इच्छा होती, पण ते दार पुन्हा उघडलं नसतं.

वेळेचं तर विचारूच नका. आमच्या फॉर्मांवर विश्वास ठेवला तर अख्खं पुणं सकाळी बरोबर नऊच्या ठोक्याला उंबरठा ओलांडतं. कोणी आठ सत्तेचाळीसला निघतच नाही. मग मी विचारायची पद्धत बदलली. किती वाजता निघालात असं न विचारता, नळाचं पाणी जाण्याआधी निघालात की नंतर, असं विचारू लागले. पाणी किती वाजता जातं हे माणूस झोपेतही सांगतो. तिथून वेळ बरोबर सापडते.

पण आमच्या कामातलं खरं दुखणं वेळेचं नव्हतं, ते शून्याचं होतं. एखाद्या माणसाने "काल कुठेच गेलो नाही" म्हटलं, की त्याच्या रकान्यात शून्य लिहायचं आणि पुढच्या माणसाकडे वळायचं. पान वाचतं, वेळ वाचतो, उन्हात पुढचं घर लवकर गाठता येतं. त्यामुळे शून्य विचारणाऱ्यालाही हवंसं असतं आणि सांगणाऱ्यालाही. आणि सर्वांत जास्त शून्यं पडतात ती बायकांच्या नावापुढे. पाच-पाच माणसांच्या घरात एकटा पुरुष बोलायला बसतो आणि आपल्याबरोबर सगळ्यांचं सांगून टाकतो. "ही घरीच असते." मी स्वतः बाई, घर सांभाळून नोकरी करणारी, आणि पहिली कितीतरी वर्षं मी ती शून्यं मुकाट लिहून घेतली. याची मला आजही लाज वाटते.

डोळे उघडले ते कोथरूडच्या एका बाईंमुळे. नवऱ्याने शून्य सांगितलं, त्यांनीही मान डोलावली. मी निघता निघता सहज विचारलं, "काल दूध कोणी आणलं हो?" तर "मीच." दळण? "मीच." मुलाला व्हॅनपर्यंत? "मी." सासऱ्यांची गोळी संपली होती ती, बिल भरलं ते, भिशीला गेल्या ते. चपला काढून पुन्हा खाली बसले आणि जाऊन-येऊन बारा ओळी लिहिल्या.  तेव्हापासून मी माझ्या हाताखाली सर्वेक्षण करणाऱ्या मुलींना एकच शिकवलं. माणूस कुठे गेला ते विचारू नका, घरात वस्तू कशी आली ते विचारा. पिशवी आपल्या पायाने चालत येत नाही.

मध्यंतरी मोबाइलचं ॲप आलं. आता विचारायला नको, फोनच सांगेल माणूस कुठे गेला, असं म्हणत ऑफिसात पेढे वाटले. पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ दोन दिवस आणि दोन रात्री हडपसरच्या एका दुकानात असल्याचं दिसलं. त्यांचा फोन दुरुस्तीला होता. बायकांचे फोन तर दिवसभर फ्रिजवर चार्जिंगला, बाई बाहेर आणि फोन घरी. शून्य होतं तिथेच राहिलं, फक्त ते आता यंत्राने लिहिलं होतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

धायरीच्या आतल्या बाजूने स्वारगेटला एक बस जाते. तिची दुपारी एकची फेरी बंद करून ती गाडी सकाळच्या गर्दीला द्यावी, असं आमच्या अहवालाच्या मसुद्यात आलं. कारण सरळ होतं. त्या भागातल्या आमच्या फॉर्मांवर दुपारी एकला घराबाहेर पडणारं जवळजवळ कोणी नव्हतंच. मसुदा लिहिणारा अभिजित हुशार मुलगा. मला म्हणाला, "मॅडम, डेटा एकदम क्लीन आहे." क्लीन होता खरा, घासून पालथ्या घातलेल्या ताटासारखा. त्यात कोणी जेवलं होतं की नाही, तेच कळत नव्हतं. कारण त्याच्याच टेबलावर त्या बसच्या तिकिटांचा कागद होता आणि एकच्या गाडीला तिकिटं चांगली फाटत होती.

"मग ही तिकिटं कोण काढतं?" मी विचारलं.

"बाहेरचे असतील, मॅडम."

"दुपारी एकला धायरीच्या आत येऊन, तिथून परत स्वारगेटला जाणारे बाहेरचे?"

तो तिकिटांचा कागद पुन्हा चाळू लागला. मला मात्र दुपारी डबा गोड लागेना. दुसऱ्या दिवशी मी धायरी गाठली आणि एकच्या गाडीत बसले. बसले म्हणजे उभी राहिले, बसायला जागाच नव्हती. गाडीभर बायका. कोणी धुणीभांड्याची दुसरी पाळी धरायला निघालेली, कोणी दवाखान्यात डबा घेऊन, कोणी माहेरी आईला बघायला, चारच्या आत परत येण्याच्या बोलीवर. ज्या घरांच्या फॉर्मवर मी शून्यं तपासून सही केली होती, ती घरं या गाडीतून स्वारगेटला चालली होती.

दोन थांब्यांनंतर एका तिशीच्या बाईने सरकून मला जागा दिली. मांडीवर कापडी पिशवी, वर ब्लाउजपीस, आणि त्याखालून गणिताच्या पुस्तकाचा कोपरा. मी काय काम करते ते सांगितलं, तर म्हणाली, "आमच्याकडेबी आलेवते तुमचे लोक. आप्पांनी सगळं लिहून दिलं." आप्पा म्हणजे तिचे सासरे. तिचं नाव सारिका. मला तो फॉर्म आठवला, कारण तो आखीव शून्यांचा होता. नवरा चाकणला कंपनीत, त्याच्या तेवढ्या दोन ओळी. आप्पा शून्य, सासू शून्य, सून शून्य. दोन मुली शाळेत.

"मग ही काय?" मी पिशवीकडे बघून म्हटलं.

तिने आधी आजूबाजूला पाहिलं. नववीनंतर लग्न झालं होतं. सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं. स्वारगेटजवळ दुपारी दोन ते चार क्लास. आप्पा जेवून आडवे झाले की निघायचं, मुली शाळेतून यायच्या आत घरी पोचायचं. त्यासाठी ही एकची गाडी सोडून दुसरी कुठलीच जमत नव्हती. दहावी झाली की अंगणवाडी सेविका म्हणून अर्ज करायचा होता. "सासूबाईंना माहीत आहे. ह्यांनाही माहीत आहे," ती म्हणाली. "पण आप्पांनी लग्नातच सगळ्या भावकीसमोर सांगितलेलं, आमच्यात सुना बाहेर पडत न्हाईत म्हणून. त्यांच्या कानावर गेलं तर संपलं."

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. ही गाडी बंद व्हायची असेल तर तुझ्यासारख्यांचं जाणं कागदावर नाही म्हणून होईल. आणि कागदावर लिहिलं तरी तुझं नाव कुठेही जाणार नाही. तिने गणिताचं पुस्तक पिशवीत खाली सारलं. मग म्हणाली, "लिवा. पण तुमच्या शब्दावर."

ऑफिसात येऊन मी शून्य खोडलं आणि दोन ओळी लिहिल्या. धायरी ते स्वारगेट, दुपारी एक, बस, कारण शिक्षण. आणि परत. खाली सही केली. फार समाधान वाटलं. आणखी बारा-पंधरा घरांचे फॉर्म त्या आठवड्यात आम्ही पुन्हा विचारून दुरुस्त केले.

आता माझी चूक सांगते. विभागाची प्रमुख झाल्यावर मी एक नियम केला होता आणि मला त्याचा भारी अभिमान होता. विचारणाऱ्यांनी घरबसल्या फॉर्म रंगवू नयेत म्हणून, ज्या फॉर्ममध्ये खाडाखोड असेल त्या घरी तपासणीचा फोन हमखास जाणार. फोन करणाऱ्या मुलीने फॉर्मवर लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि समोरच्याने हो की नाही ते सांगायचं. नियमाला अपवाद नव्हता, माझ्या खाडाखोडीलाही नाही. आणि फॉर्मवर फोन नंबर कोणाचा? ज्याने माहिती दिली त्याचा. म्हणजे आप्पांचा.

चौथ्या दिवशी फोनवरची प्रियांका हसतमुखाने माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, तुमचा तो धायरीचा फॉर्म कन्फर्म झाला. आजोबा म्हणाले, बरोबर आहे."

मी दचकून विचारलं, "तू काय विचारलंस त्यांना?"

"नेहमीचंच. तुमच्या सूनबाई सारिका, दुपारी एक वाजता बसने स्वारगेटला, शिक्षणासाठी. बरोबर आहे का? त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकला होता बहुतेक. मागे बरीच माणसं होती."

तिला काय बोलणार? तिने माझाच नियम पाळला होता. मी पर्स उचलली आणि निघाले. रिक्षा करायचं तरी सुचायला हवं ना, मी आपली स्वारगेटला जाऊन धायरीच्या बसची वाट बघत उभी. त्या अर्ध्या तासात मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या त्या इथे छापता येणार नाहीत.

ओट्यावर माणसं दिसली, म्हणून मी मागून वळसा घातला, तर सारिका मागच्या दारातच भेटली. मला आत या म्हणाली नाही. "तुमच्या शब्दावर लिवा म्हटलं होतं मी," एवढंच बोलली.

मी चूक झाली म्हणाले. नियम काय, फोन कसा गेला, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग तिने घडलं ते सांगितलं. ओट्यावर आप्पा, त्यांचे धाकटे भाऊ आणि दोन पुतणे चहा घेत बसलेले. फोन स्पीकरवर. प्रियांकाचा गोड आवाज सगळ्या ओट्यावर पसरला आणि सारिका आतल्या खोलीत हातातलं कणकेचं ताट घेऊन तशीच उभी राहिली. भाऊ म्हणाले, "काय रे हे?" आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. मग फोनमध्ये म्हणाले, "बरोबर हाय. मीच धाडतो तिला. घरात एकजण तरी शिकल्यालं पायजे." आणि फोन बंद करून भावाला म्हणाले, "च्या घे, निवतोय."

मला रडूच आलं, खरं सांगते. सारिकाला मात्र आलं नाही. "ते मोठ्या मनाचे निघाले म्हणून," ती म्हणाली. "नसते निघाले तर तुम्ही काय केलं असतं, ताई?" 

ऑफिसात परतल्यावर मी पहिलं काम केलं ते तो नियम मोडायचं. तपासणीचा फोन ज्याची फेरी त्यालाच जाईल, दुसऱ्या कोणाला नाही. फॉर्मवर लिहिलेलं वाचून दाखवायचं नाही, नव्याने विचारायचं. बाई म्हणाली आत्ता बोलता येत नाही, तर मुकाट फोन ठेवायचा आणि पुन्हा कधी करू ते तिला विचारायचं. यात वेळ दुप्पट जातो. वरच्या साहेबांनी कुरकुर केली. पण एक गंमत अशी झाली की शून्यं आणखी कमी झाली. माणसाला एकदा कळलं की आपलं सांगणं आपल्यापाशीच राहणार आहे, तर तो बरंच आठवतो. अचूकपणा म्हणजे जास्त तपासणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. ते अर्धंच खरं होतं.

एकची गाडी बंद झाली नाही. अभिजितने मसुद्यातलं ते पान स्वतःहून काढलं आणि दुपारच्या फेऱ्यांवर वेगळं प्रकरण लिहिलं. गाडी आजही धावते, अधूनमधून वीस मिनिटं उशिरा, पण धावते. सारिकाचं पहिल्या खेपेला गणित राहिलं आणि पुढच्या खेपेला सुटलं. मला एक मेसेज आला, "ताई, पास." बाकी काही नाही, पेढ्याचं चित्रसुद्धा नाही. तिने मला पुरतं माफ केलेलं नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

त्या दिवशीचं एक मात्र सांगायचं राहिलं. सारिकाशी बोलून मी निघाले, तेव्हा आप्पा ओट्यावरून उठले आणि काठी टेकत फाटकापर्यंत सोडायला आले. मी त्यांचीही माफी मागू लागले. त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

"ती दुपारची गाडी बंद करनार व्हता म्हनं तुम्ही?"

"आता नाही होणार, आप्पा. सारिकाची अडचण..."

"तिचीच कशाला?" त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "म्या मागच्या शिटावर असतो. दर गुरवारी. ती हितनं चढती, म्या आडवाटंनं जाऊन फुडच्या ष्टापावरनं चढतो, म्हंजी दिसाया नको. सासरा निजलाय म्हनून ती निगती, आन ती निगाली की म्या."

मला वाटलं ते सुनेवर पाळत ठेवत होते. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"तिच्या मागं न्हाई हो. एकदाच गेलो, किलासाची पाटी वाचली आन परत फिरलो." ते काठीने माती उकरू लागले. "स्वारगेटला गाडी बदलून हडपसरला जातो. धाकटी भन हाय तिथं. जमिनीच्या वाट्यावरनं आम्हा भावांचं तिच्याशी बोलनं बंद हाय. आठ वर्सं झाली. बाकीच्यांचं बंद हाय." त्यांनी भावाकडे पाठ केली. "तिच्या हातचं पिठलं खातो, घटकाभर बसतो, आन सारिका यायच्या आदी हितं येऊन निजतो."

आखीव शून्यांचा तो फॉर्म माझ्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी स्वतःच्या नावापुढे सांगितलेलं शून्य. एका घरातली दोन माणसं, एकाच गाडीत, एक पुढे आणि एक मागे. आणि माझ्या कागदावर त्या दुपारी घरात सगळे झोपलेले.

ओट्यावर त्यांचे धाकटे भाऊ अजून बसलेले होते आणि आमच्याकडेच बघत होते. मी पर्समधून पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही.

"आप्पा, तुमची फेरी लिहू का?"

 त्यांनी माझ्यासाठी फाटक उघडून धरलं.

"लिवा की," ते म्हणाले. "पन फोन करू नगा."